वेदनांक अठरा

आरोग्यविम्याच्या यादीत ॲक्युपंक्चर आलं, त्या दिवशी शैलजा दुधाणेने बार्शीतल्या आपल्या दवाखान्यासमोरच्या प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन पेढे वाटले.

एकोणीस वर्षं लोक तिला 'सुईवाली बाई' म्हणत होते. गावातले डॉक्टर लग्नाकार्यात भेटले की विचारायचे, "काय मॅडम, सुया उशीच्या वापरता की गोधडीच्या?" सरकारने कायदा केला, परिषद नेमली, नोंदणी सुरू झाली, तरी दारात आलेल्या पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "विम्यात बसतं का?" नाही म्हटलं की निम्मे चप्पल घालून परत. शैलजाने संघटनेतर्फे अर्ज केले, निवेदनं दिली, मुंबईला धरणं धरलं. अकराशे पेशंटच्या नोंदी हाताने लिहून पाठवल्या. काहीही झालं नाही.

शेवटी झालं ते एका पट्टीमुळे.

ताप मोजायला थर्मामीटर होता, रक्तदाब मोजायला यंत्र होतं, पण दुखणं मोजायला काहीच नव्हतं. 'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते सांगा', एवढ्यावरच सगळं चालायचं. एक जण दाढेसाठी दहा सांगे, दुसरा मोडक्या हाताला चार. मग असं लक्षात आलं की माणसाला दुखतं तेव्हा मेंदूच्या ठरावीक भागांत रक्ताचा ओघ आणि विजेच्या लहरी ठरावीक रीतीने बदलतात. लाखो पेशंटच्या नोंदी संगणकाला शिकवल्यावर तो हा बदल ओळखू लागला. कपाळाला बांधायची बोटभर रुंदीची पट्टी निघाली. आतल्या बाजूचे ठिपके कवटीतून मंद प्रकाश सोडत आणि परत आलेला प्रकाश टिपत. उत्तर शून्य ते शंभर यांतला एक आकडा. त्याला नाव पडलं वेदनांक. कण्हून तो वाढत नव्हता आणि दात आवळून कमी होत नव्हता.

या पट्टीने सुयांची बाजू पहिल्यांदा सिद्ध केली. बारीक सुई योग्य जागी गेली की स्नायूतल्या नसा जाग्या होतात. त्यांचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जातो आणि शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायनं सोडतं. दुखण्याच्या वाटेवर जणू फाटक पडतं. हे शैलजा एकोणीस वर्षं सांगत होती. आता आकडा सांगू लागला, आणि आकड्याचं विमा कंपन्यांनी ऐकलं.

'क्षेमकवच' नावाच्या कंपनीने सगळ्यांत आधी सुईउपचार विम्यात घेतला. शैलजा त्यांच्या पॅनेलवर गेली. खोकं भरून पट्ट्या आल्या, सोबत दोनशे पानांचं नियमांचं पुस्तक आलं. पुस्तक तिने कपाटावर ठेवलं. बाहेरच्या बाकावर लोक मावेनात, मग वाचायला वेळ कुणाला होता?

फेब्रुवारीत तिचा मोठा भाऊ मुकुंद आला. तो वीज मंडळात लाइनमन होता. सव्वीस वर्षं खांबावर चढून त्याची कंबर धरली होती आणि डाव्या पायातून कळ जात होती. त्याच्या खात्याचा विमा क्षेमकवचकडेच होता.

"पालथा झोप," शैलजा म्हणाली, "आणि बडबड करू नकोस."

"अकरा केव्हीच्या तारेला भ्यालो नाही, आता तुझ्या सुयांना भितो व्हय गं?" असं म्हणत तो झोपला आणि पहिल्या सुईला "आई गं" म्हणून ओरडला. वेदनांक होता अठ्ठ्याहत्तर. सहा सिटिंग झाल्यावर तो चोवीसवर आला. मुकुंद शिट्टी वाजवत कामावर जाऊ लागला. वहिनींनी, रत्नमालाने, पुरणपोळ्यांचा डबा पाठवला आणि फोन केला, "शैलाताई, तुमच्या हाताला यश आहे बघा."

एप्रिलमध्ये वहिनींनी एक गोष्ट पाहिली. बाजारातून येताना मुकुंदच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यावर मागे राहिली आणि तो तसाच दहा पावलं पुढे चालत गेला. त्याला कळलंच नव्हतं.

त्या त्याला तडक डॉ. बोधल्यांकडे घेऊन गेल्या. बोधले गावातले मणक्याचे सर्जन. त्यांनी एमआरआय काढला आणि दुपारी शैलजाला फोन केला.

"मॅडम, तुमच्या भावाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी चांगलीच सरकलीय. नसेवर बसलीय. डाव्या पावलातली ताकद कमी झालीय. ऑपरेशन करायला हवं, आणि तेही लवकर."

"मग करा की सर."

"कंपनीने नाकारलंय. कारण वाचून दाखवू? 'वेदना सुईउपचाराने पूर्णपणे नियंत्रणात. शस्त्रक्रियेची गरज सिद्ध होत नाही.' सोबत तुमचा आलेख जोडलाय. खाली सही तुमची आहे."

शैलजा फोन हातात धरून उभीच राहिली. टेबलावर एक म्हातारी पालथी झोपली होती, तिच्या पाठीत चौदा सुया होत्या. "बाई, झालं का?" म्हातारीने विचारलं. शैलजा एकेक सुई काढू लागली.

त्या दिवशी तिने दवाखाना लवकर बंद केला आणि कपाटावरचं पुस्तक खाली काढलं. एकशे बाराव्या पानावर नियम सापडला. सुईउपचाराने वेदनांक निम्म्यावर आला, तर त्या दुखण्यावरची पुढची कोणतीही शस्त्रक्रिया 'अनावश्यक' समजायची. हे ठरवायला माणूस लागत नव्हता. संगणक आकडा बघायचा आणि पत्र धाडायचा. कंपनीने सुया विम्यात घेतल्या त्या कशासाठी, हे तिला पहिल्यांदा लख्ख दिसलं. ऑपरेशन टाळायचं तर त्यासाठी स्वस्तातलं आणि सिद्ध झालेलं कारण हवं होतं. ते कारण तिने एकोणीस वर्षं भांडून त्यांच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. रणदिवे व्हिडिओ कॉलवर आले. चाळिशीतला, नीटनेटका, हसरा माणूस.

"मॅडम, अभिनंदनच करायला हवं तुमचं. अठ्ठ्याहत्तरवरून चोवीस! आमच्या विभागातला सर्वांत चांगला निकाल आहे."

"सर, त्याच्या पायातली ताकद चाललीय."

"वेदना आहे का?"

"वेदना मी थांबवलीय! दुखण्याचा निरोप वर जाऊ देत नाही मी. पण गादी नसेवर बसलीय ती बसलेलीच आहे. तुम्ही एमबीबीएस आहात, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

रणदिवेंचं हसू जरासं आवळलं. "मला वैयक्तिक पातळीवर पटतं. पण प्रणाली वेदनांकावर चालते. सलग सहा आठवडे सरासरी साठच्या वर गेली, तर फाइल आपोआप पुन्हा उघडते."

"म्हणजे मी त्याला सहा आठवडे तळमळत ठेवायचं?"

"मी असं म्हटलेलं नाही," रणदिवे म्हणाले. तेवढ्यात कॉलची वेळ संपली आणि पडदा आपोआप काळा झाला.

दुसरी वाट नव्हती. कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयाने मंजुरीवाचून, पेशंटच्या खर्चाने का होईना, ऑपरेशन केलं तर रुग्णालयच यादीतून जायचं, आणि जिल्ह्यात यादीबाहेरचं मोठं रुग्णालय उरलंच नव्हतं. सरकारी दवाखान्यात मणक्यासाठी पाच महिन्यांची रांग होती.

संध्याकाळी शैलजा भावाच्या घरी गेली आणि तिने सगळं समोर मांडलं. मुकुंदने शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं," तो म्हणाला. "टेस्टरचा दिवा काढून घेतला म्हणून तार मेलेली नसते. मग आता?"

"आता मी सुया थांबवणार. पट्टी चोवीस तास बांधून ठेवायची. सहा आठवडे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो शैलाताई, दुसरा काही मार्ग काढा की. बोधले डॉक्टर काही—"

"नाही वहिनी. सगळं करून बघितलं."

पहिला आठवडा मुकुंदने रेटला. दुसऱ्या आठवड्यात वेदनांक एकाहत्तर झाला आणि त्याने रजा टाकली. तिसऱ्या आठवड्यात त्याला बसून जेवता येईना. उभ्यानेच, ओट्याला टेकून, तो दोन घास खायचा. शैलजा रोज जायची, औषध द्यायची, गरम पाण्याची पिशवी बदलायची, आणि पर्समधल्या सुयांच्या डबीला हात लावायची नाही. एकदा तिचा हात त्याच्या कमरेवर नेमक्या जागी पडला. वीस मिनिटांत ती त्याला झोपवू शकली असती. तिने हात काढून घेतला.

"शैले," मुकुंद भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एकच दे गं. एकच सुई."

"दादा, आकडा पडेल."

"पडू दे."

ती उठून बाहेर आली. मागोमाग वहिनी आल्या. गेली बावीस वर्षं त्या शैलजाला अहो-जाहो करत होत्या. त्या दिवशी ते संपलं.

"अख्ख्या गावाला टोचत फिरतेस आणि सख्ख्या भावाला तडफडत ठेवतेस? मनाला काही वाटतं का तुझ्या?"

"वहिनी, त्याच्या पायासाठीच—"

"पाय, पाय! माणूस जिवंत राहिला तर पाय! चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही त्याच्या. तू घरी जाऊन झोपतेस. मी ऐकते ते!"

चार दिवस शैलजाही झोपली नव्हती, पण ते सांगून काय होणार होतं?

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी मुकुंदच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. 'आपला वेदनांक चिंताजनक आहे. आपण विम्यात उपलब्ध असलेला सुईउपचार बावीस दिवस घेतलेला नाही. अठ्ठेचाळीस तासांत उपचार न घेतल्यास असहकार समजून आपला दावा कायमचा बंद करण्यात येईल. आपली काळजी आहे.'

शैलजाने तो निरोप तीन वेळा वाचला. शेवटच्या वाक्याशी येऊन तिने फोन भिंतीवर आपटायला उचलला, आणि तो भावाचा आहे हे आठवून खाली ठेवला. रणदिवेंचा नंबर लावला. यंत्राने उत्तर दिलं. पुन्हा लावला. पुन्हा यंत्र. सुया घेतल्या तर आकडा पडून ऑपरेशन नाही, न घेतल्या तर असहकार म्हणून ऑपरेशन नाही. ज्या कुणी हे दोन नियम लिहिले होते, त्याने ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले नव्हते. किंवा वाचले होते. ही दुसरी शक्यता सुचली तेव्हा तिची कानशिलं तापली.

"निदान दावा तर जिवंत राहील," मुकुंद म्हणाला. "आणि टोचायचंच असेल तर परक्याने कशाला? तूच टोच."

बुधवारी सकाळी तिने भावाला टेबलावर घेतलं. कमरेला चार, गुडघ्यामागे दोन, पोटरीत दोन, घोट्याजवळ एक. तिचा हात कधी नव्हे इतका अचूक पडला. सुया मुद्दाम चुकीच्या टोचाव्यात हे तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण समोर दादाचा घामेजलेला मानेचा भाग दिसत होता आणि हाताने ऐकलं नाही. पाच मिनिटांत त्याचा श्वास संथ झाला. दहाव्या मिनिटाला तो घोरू लागला. पट्टीवर आकडा उतरत गेला. पन्नास, पस्तीस, सव्वीस. अठराला थांबला.

वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडत होत्या. नवरा झोपला म्हणून.

शुक्रवारी मुकुंदच्या खात्याला क्षेमकवचकडून पत्र गेलं. वेदनांक अठरा, कर्मचारी कामास योग्य. मुकुंदने साहेबांना पावलाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "दुधाणे, माझ्याकडे फिट सर्टिफिकेट आलंय. रजा मंजूर कशी करू?" आणि खरं सांगायचं तर मुकुंदला बरंही वाटत होतं. काही दुखत नव्हतं. दुखत नसलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हे किती वेळ लक्षात राहणार?

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला, वैराग रस्त्यावरच्या एका खांबावर तो चढला. लाइन बंद केल्याचं परमिट घेतलेलं, हातमोजे, हेल्मेट, बेल्ट, सगळं रीतसर. वर पोचून काम झालं. उतरताना डावं पाऊल खांबाच्या आडव्या पट्टीवर टेकलं, आणि टेकलंय की नाही हेच त्याला कळलं नाही. त्याने भार दिला. पाऊल घसरलं. तो सेफ्टी बेल्टवर लटकला आणि कमरेला जबर हिसका बसला.

खाली असलेल्या सहकाऱ्याने आरडाओरडा केला, शिडीची गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मुकुंद जमिनीपासून वीस फुटांवर उन्हात लोंबकळत होता. नंतर तो सहकारी शैलजाला म्हणाला, "ताई, ते ओरडत नव्हते हो. मला सारखं विचारत होते, माझे पाय आहेत का बघ रे खाली."

बोधल्यांनी त्याला स्ट्रेचरवर पाहिलं. दोन्ही पाय बधिर, लघवीवर ताबा नाही. गादीचा तुकडा तुटून नसांच्या जुडग्यावर बसला होता. संगणकावर मंजुरीच्या जागी अजून लाल चौकोन होता.

"सर?" नर्सने विचारलं.

"बंद कर तो पडदा," बोधले म्हणाले. "थिएटर तयार करा."

ऑपरेशन झालं. उजवा पाय परत आला, लघवीवरचा ताबा महिन्याभरात परत आला. डावं पाऊल आलं नाही. ते लोंबतंच राहिलं. ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं असतं तर? शैलजाने बोधल्यांना हे एकदाच विचारलं. "माझ्या मते वाचलं असतं," ते म्हणाले. आपलं मत त्यांनी कागदावरही लिहून दिलं. मंजुरीवाचूनचं ऑपरेशन आणि हा कागद, यांपायी रुग्णालय कंपनीच्या यादीतून गेलं.

मुकुंदला सबस्टेशनमध्ये तक्रारींचे फोन घेण्याचं काम मिळालं. वहिनींनी शैलजाशी बोलणं बंद केलं. शैलजा घरी गेली की त्या पाण्याचा तांब्या पुढे ठेवायच्या आणि आत जायच्या. ते शैलजाला शिव्यांपेक्षा लागायचं. कारण ती पत्रं कंपनीची असली, तरी त्या बुधवारच्या नऊ सुया तिच्याच होत्या.

कंपनीने ऑपरेशनचं बिल नाकारलं. शैलजाने मुकुंदच्या वतीने पुण्याच्या विमा तक्रार मंडळाकडे अर्ज केला. सुनावणीच्या आदल्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष हुंडेकरी सर तिला भेटायला आले. सत्तरीचे गृहस्थ. सुया धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"शैलजा, मी कंपनीशी बोललोय. तुझ्या भावाचं बिल 'विशेष बाब' म्हणून देतील. तू फक्त वेदनांकाबद्दल, सुयांबद्दल काही बोलू नकोस. ते म्हणतात, तुमचेच लोक तक्रारी करणार असतील तर सुया यादीतून काढून टाकू. राज्यात आपले चार हजार लोक आहेत. पुन्हा 'सुईवाले' व्हायचंय का आपल्याला?"

"सर, माझा दादा खांबावर लटकत होता."

"माहीत आहे गं."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. त्याला लटकवायला त्यांनी माझे हात वापरले. तुम्ही शिकवलेले हात."

हुंडेकरी सर चहा न पिता उठून गेले.

सुनावणीत कंपनीचा वकील तरुण होता आणि तयारीने आला होता.

"मॅडम, एका शब्दात उत्तर द्या. तुमचा उपचार परिणामकारक आहे का?"

"आहे."

"मग शस्त्रक्रियेची गरज काय होती? आणि गरज होती असं म्हणत असाल, तर तुमच्या उपचाराला विमा कशासाठी द्यायचा?"

तो हसला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. शैलजा खुर्चीतून उठली. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, बसून बोललात तरी चालेल. ती बसली नाही.

"एका शब्दात मावत नाही, म्हणून तर तुम्ही तो प्रश्न निवडलात. माझ्या सुयांनी दुखणं जातं, हे खरं. माझ्या सुयांनी सरकलेली गादी जागेवर जात नाही, हेही खरं. मला हे माहीत होतं. तुमच्या डॉ. रणदिवेंना माहीत होतं, त्यांनी मला तसं तोंडाने सांगितलं. तुम्हालाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते एका यंत्राला, आणि निर्णय तुम्ही नेमका त्याच्यावर सोपवला. का? कारण नाही म्हणताना यंत्राला लाज वाटत नाही. माझ्या भावाने बायकोसमोर एक सुई मागितली आणि मी दिली नाही. मला लाज वाटली. तुमच्याकडे ती वाटायला एकही माणूस नव्हता."

वकिलाने कागद चाळले. कुणी हसलं नाही.

निकाल पंधरा दिवसांनी आला. चार ओळींचा. शस्त्रक्रिया तातडीची असल्याने बिल द्यावं. वेदनांकाचा नियम हा कंपनीच्या धोरणाचा भाग असल्याने मंडळाच्या कक्षेबाहेर. बस. शैलजाने तो कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर तळहात असा आपटला की ट्रेमधल्या सुया उडाल्या.

तिला पॅनेल सोडायचं होतं. पत्रही लिहून झालं होतं. पण मग बाकावरच्या माणसांचं काय? ती नाही तर दुसरं कुणी टोचणार, आकडा पडणार, पत्रं निघणार. रागारागात तिने नियमांचं ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तीन दिवस वाचलं. एकशे ब्याण्णवाव्या पानावर, तळटिपेत, एक ओळ सापडली. उपचारकाने वेदनांकाच्या प्रमाणपत्रावर स्वहस्ते शेरा लिहिला असल्यास, त्या पेशंटचा कोणताही दावा वैद्यकीय अधिकाऱ्याने सात दिवसांत स्वतः वाचून निकाली काढावा.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक प्रमाणपत्रावर, छापील वेदनांकाच्या खाली, तिने निळ्या शाईने लिहायला सुरुवात केली. 'वेदना कमी झाली आहे. आजार बरा झालेला नाही. पेशंट तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया नाकारू नये.'

पहिल्या महिन्यात ती एकटीच होती. तिसऱ्या आठवड्यात एका शिंप्याच्या मानेचं ऑपरेशन मंजूर झालं. कारण काय, तर एका डॉक्टरला त्याचा एमआरआय उघडून बघावा लागला होता. शैलजाने त्या पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून संघटनेच्या गटावर टाकला आणि खाली काही लिहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात जिल्ह्यातले एकोणतीस जण तसा शेरा लिहू लागले. तिसऱ्या महिन्यात एका पेशंटने तिला दुसऱ्या दवाखान्यातलं प्रमाणपत्र दाखवलं. त्यावर तेच शब्द होते, आणि अक्षर हुंडेकरी सरांचं होतं.

मग कंपनीचा फोन आला. रणदिवे नव्हते, कुणी नवी मुलगी होती.

"मॅडम, हाताने लिहिणं कृपया थांबवाल का? आमच्याकडे सहा हजार फाइल साचल्यात. प्रणालीला हस्ताक्षर वाचता येत नाही."

"ते मला माहीत आहे."

"मग लिहिता कशाला?"

"माणसाने वाचावं म्हणून," शैलजा म्हणाली. "माणसं कमी पडत असतील तर नेमा."

कंपनी तो नियम बदलेल, तळटीप काढून टाकेल, सुयाच यादीतून काढेल, सगळं शक्य होतं. हुंडेकरी सरांनी सांगितलं, हालचाली सुरू आहेत. आपल्याकडे दोन-चार महिने असतील, जास्त नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दवाखान्याच्या दारात बायकांचा घोळका आला. सात-आठ जणी. कुणी लाइनमनची बायको, कुणी मदतनिसाची आई; त्यांची माणसं शैलजाकडेच सुया घेत होती. प्रत्येकीच्या हातात क्षेमकवचचं नकाराचं पत्र. आणि सगळ्यांच्या पुढे रत्नमाला वहिनी.

शैलजा उठून उभी राहिली. पाच महिन्यांत वहिनींनी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"वहिनी, या. बसा ना."

"बसायला आले नाही मी," वहिनी म्हणाल्या. "आणि माझा राग गेला असं समजू नकोस. गेलेला नाही. तो रोज सकाळी पायाला पट्टे बांधून कामावर जातो, ते मी बघते."

"माहीत आहे मला."

वहिनींनी मागे वळून एका बाईला दंडाला धरून पुढे आणलं. तिच्या हातातलं पत्र घेऊन ते शैलजाच्या समोर टेबलावर ठेवलं आणि चुणी तळहाताने सरळ केली.

"हिच्या नवऱ्याच्या खुब्याचं आहे. हिच्यापासून सुरू कर. तुझ्या हाताने लिही, आणि त्यांना नीट वाचता येईल असं मोठं लिही."

शैलजाने पेन उघडलं.

"नाव सांगा," ती त्या बाईला म्हणाली.